जरा टेका, पाय वर घ्या

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त १२ मे २०२५ रोजी महिला मंडळाने सोसायटीच्या गच्चीवर आयोजित केलेल्या कार्यक्रमातील भाषण)



मला भाषणाची सवय नाही. नोकरीच्या ३४ वर्षांत मी सलग पाच-दहा मिनिटं बोलायचे ते फक्त ड्यूटी संपताना. पुढच्या सिस्टरला 'ओव्हर' द्यावी लागते. अमक्या बेडचा ताप उतरलाय, तमक्याची सलाईन संपत आलीय, कोपऱ्यातल्या आजींवर लक्ष ठेव. आजही तसंच समजा. सजवून बोलणं जमणार नाही, जे सांगायचं ते सरळ सांगते.

मंडळाच्या वहिनी म्हणाल्या, "सिस्टर, नर्सेस डे आहे, तुम्ही सेवेवर बोला." मी म्हटलं, सेवेवर बोलणारे खूप आहेत, मी पायांवर बोलते. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पण १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. रात्री दिवा घेऊन वॉर्डात फिरणारी बाई म्हणून तिचं चित्र आपण शाळेपासून बघतो. सगळ्यांना तो दिवा आठवतो. इतकं फिरून त्या बाईचे पाय दुखले असतील का, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून म्हटलं, आज पायांवर बोलू.

आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल, २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. मी मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स होते. मॉर्निंग ड्यूटी असली की पहाटे डोंबिवली स्टेशन. लेडीज डब्यात बसायला मिळालं तर नशीब, नाहीतर दादरपर्यंत उभं. मग सात-आठ तास वॉर्डात उभं. बेड करा, औषधं द्या, ड्रेसिंगची ट्रॉली ढकला, डॉक्टरांच्या राउंडबरोबर फिरा. मग परत गाडी, परत उभं. चौथी सीट मिळाली तरी अर्धं अंग बाहेर, म्हणजे एका पायावर तोल. शेवटी आपल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्याच्या ५४ पायऱ्या. लिफ्ट आपल्याकडे तेव्हाही नव्हती, आजही नाही. घरात शिरलं की ओट्यापाशी पुन्हा उभं, कारण पोळ्या काही बसून होत नाहीत.

आणि वॉर्डात बसायचं नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच अंगात भिनवलेलं. पुस्तकात असा नियम कुठेही नव्हता. पण शिकत असताना मी एकदा स्टुलावर बसून चार्ट लिहीत होते, तेव्हा एक सीनियर सिस्टर म्हणाल्या, "बसलेली नर्स चांगली दिसत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात तीस वर्षं राहिलं. नातेवाईकही तसेच. रात्री तीन वाजता सिस्टर खुर्चीत दिसली की, "बघा, पेशंट कण्हतोय आणि ही बसलीय." त्यामुळे सगळं लिखाण उभ्यानेच.

आता उभं राहिल्याने पाय का दुखतात ते थोडक्यात सांगते. कारण समजलं की उपाय लक्षात राहतो.

हृदय रक्त खाली पायांत पाठवतं ते जोराने. पण पायातून वर परत न्यायला त्याचा जोर फारसा उरत नाही. ते काम पोटरीचं. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमध्ये छोट्या छोट्या झडपा असतात, त्या रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. माणूस एकाच जागी उभा राहिला की हा पंप बंद. रक्त खाली साचतं, शिरांवर ताण येतो, पाणी बाहेर झिरपतं आणि संध्याकाळी घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटतो. वर्षानुवर्षं असं झालं की काही जणांच्या झडपा सैल पडतात, मग त्या निळ्या, वेड्यावाकड्या, फुगलेल्या शिरा दिसायला लागतात. त्यांनाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. घराण्यात असतील तर जास्त.

म्हणून लक्षात ठेवा, चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं पायांना जास्त जड जातं. आणि खुर्चीवर पाय खाली सोडून दहा-दहा तास बसणं हे त्याचंच भावंड. माझी मुलगी आता घरी बसून कॉम्प्युटरवर काम करते. तिच्याही घोट्यांवर संध्याकाळी वळ असतात.

आता उपाय. यातलं बरंचसं मी आधी पेशंटना सांगितलं आणि स्वतः फार उशिरा केलं.

पहिली गोष्ट चपला-बुटांची. ड्यूटीवर आम्ही वर्षानुवर्षं पांढऱ्या पातळ सपाता घालायचो. धुवायला सोप्या आणि स्वस्त. पण चप्पल सैल असली की पायाची बोटं ती धरून ठेवतात, आणि दिवसभर धरून धरून तळवा आखडतो. ज्याला उभ्याचं काम आहे त्याने मागून टाच धरणारा बूट किंवा पट्ट्याची सँडल घालावी. खरेदीला संध्याकाळी जावं, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. बूट हातात घेऊन वाकवून बघा. जिथे पायाची बोटं वाकतात तिथेच तो वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर तो कामाचा नाही. अगदी सपाट तळही नको आणि उंच टाचही नको. जमलं तर दोन जोड ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

दुसरी गोष्ट घरातली. आपण दारात चपला काढतो, ते चांगलंच आहे. पण खाली टाइल्स. आपल्या आज्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी वावरल्या, आपण दगडावर वावरतो. ज्यांची टाच दुखते त्यांनी घरात वापरायला वेगळी, जाड तळाची चप्पल ठेवावी. देवघरात जाताना काढा, ओट्यापाशी घाला. ओट्यासमोर एखादी जाड रबरी मॅट किंवा घडी घातलेली सतरंजी टाकली तरी फरक पडतो, फक्त ती घसरणारी नको. आणि एक युक्ती. ओट्याखाली एक लाकडी पाट ठेवा. पोळ्या लाटताना एक पाय पाटावर, थोड्या वेळाने दुसरा. कंबरेलाही बरं वाटतं.

तिसरी गोष्ट, उभ्या उभ्या करायचा व्यायाम. टाचा उचला, खाली टेका, असं वीस वेळा. औषधं काढताना, गाडीची वाट बघताना, दूध उतू जायची वाट बघताना करा. कुणाच्या लक्षातही येत नाही. तेवढ्यात पोटरीचा पंप सुरू होतो.

चौथी गोष्ट टाचदुखीची. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं, चार पावलं चाललं की कमी होतं, ही तक्रार आपल्या बिल्डिंगमध्येच मी निदान दहा जणींकडून ऐकली आहे. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो रात्रीत आखडतो. त्यासाठी पलंगावरून उतरायच्या आधीच हाताने पायाची बोटं स्वतःकडे ओढून दहा आकडे मोजा, असं दहा वेळा करा. दिवसा भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर, पोटरी ताणली गेली पाहिजे. अर्धा मिनिट धरा. पाण्याची छोटी बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तिच्यावर तळवा फिरवा, बाटलीला फडकं गुंडाळून. हे दुखणं चिवट असतं, काही महिने घेतं. चार दिवस करून सोडू नका.

पाचवी गोष्ट सगळ्यात सोपी, आणि सगळ्यात अवघडही. घरी आल्यावर पंधरा मिनिटं पाय वर घेऊन पडायचं. नुसते टेबलावर टेकवून नाही. पाय छातीपेक्षा वर हवेत. भिंतीला लावा, नाहीतर पोटऱ्यांखाली दोन उशा घ्या. सोपं का, तर पैसा लागत नाही. अवघड का, तर बाई घरी आल्या आल्या पडली तर घर काय म्हणेल! मला ही पंधरा मिनिटं मागायला धीर यायला वीस वर्षं लागली. माझ्या सासूबाईंनी एकदाच विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे, पाय दुखताहेत." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी आले की त्याच चहा टाकायच्या. म्हणजे अडचण त्यांची नव्हती, मीच कधी सांगितलं नव्हतं.

मिठाच्या पाण्याचं सगळे विचारतात. खरं सांगू? आराम मिळतो तो कोमट पाण्याने, आणि त्या निमित्ताने दहा मिनिटं बसायला मिळतं त्याने. मिठाने नुकसान नाही, पण सगळं श्रेय मिठाला देऊ नका. मात्र ज्यांना डायबेटीस आहे त्यांनी गरम पाण्याच्या वाटेला जाऊ नये. डायबेटीसमध्ये पायाची संवेदना हळूहळू कमी होते. पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही. कढत पाण्यात पाय बुडवून भाजून घेतलेले आणि पुढे बोट गमावलेले पेशंट मी ड्रेसिंगला घेतले आहेत. डायबेटीस असलेल्यांनी रोज रात्री तळवे बघावेत, वाकता येत नसेल तर आरसा खाली धरून. अनवाणी चालू नये. कुरूप घरी ब्लेडने कापू नये. छोटी जखम दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी.

दाबाचे मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, उभ्याचं काम करणाऱ्यांना खरंच उपयोगी पडतात. ते सकाळी पाय सुजायच्या आत घालायचे असतात आणि झोपताना काढायचे. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ज्यांच्या पायात रक्त पोचायलाच अडथळा आहे त्यांना घट्ट मोजा घातक ठरतो.

आणि पाणी प्या. आम्ही नर्सेस ड्यूटीवर पाणी कमी प्यायचो, कारण बाथरूमला जायला सवड नसायची. त्याने पायाचं तर नाहीच, पण कशाचंच भलं होत नाही.

आता जे सांगण्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले, ते सांगते. मुलगी समोरच बसली आहे. सांगू का म्हणून तिला विचारलंय. सांग म्हणाली.

२००९ सालची गोष्ट. मी ४४ वर्षांची होते. गावाला भाचीचं लग्न होतं. देवक, हळद, पूजा, आणि नेमक्या त्याच तारखा. म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. कुणाला न विचारता, मेडिकलमधून. मी नर्स! दुसऱ्या बाईने विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, आधी डॉक्टरांना विचार. लग्न झालं, रात्रभर बसमध्ये पाय दुमडून बसून परत आले आणि दुसऱ्याच दिवशी कामावर. एक सिस्टर रजेवर, म्हणून मॉर्निंगला जोडून इव्हिनिंग, अशी डबल ड्यूटी.

रात्री घरी आले तेव्हा डावी पोटरी ठणकत होती. पायात गोळा आलाय असं वाटलं. पाय दुखणं मला नवीन नव्हतं, म्हणून मी त्याकडे बघितलंच नाही. लेकीला म्हटलं, जरा पाय तुडवून दे. ती तेव्हा तेरा वर्षांची. लहानपणापासून ती माझ्या पोटऱ्यांवर उभी राहून पाय तुडवायची, आमच्या दोघींचा तो रोजचा लाड होता. त्या रात्रीही तिने तेल लावून पोटरी रगडली, मग भिंत धरून वर उभी राहिली. दुसऱ्या रात्रीही तसंच.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात चेंजिंग रूममध्ये मी साडी बदलत होते. माझ्याबरोबरची एक सिस्टर, आमच्या बॅचचीच, ती माझ्या पायांकडे बघत राहिली. म्हणाली, "अगं, तुझा डावा पाय केवढा झालाय!" मी म्हटलं, "दोन ड्यूट्या केल्यात, सुजणारच." ती म्हणाली, "मग उजवा का नाही सुजला? तो काय घरी झोपला होता?"

मला तिथल्या तिथे घाम फुटला. कारण उत्तर मला माहीत होतं. हाच प्रश्न मी ऑपरेशननंतरच्या पेशंटना रोज विचारायचे. एकाच पायाला सूज, पोटरी गरम, दाबलं की दुखते. डॉप्लर सोनोग्राफी केली. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी. डीव्हीटी म्हणतात तिला. ती गुठळी सुटून वर गेली तर फुप्फुसात अडकते, आणि मग माणूस वाचेलच असं सांगता येत नाही. म्हणून त्या पायाला मालीश करायचं नाही, तुडवायचं तर मुळीच नाही.

जी इंजेक्शनं मी शेकडो पेशंटच्या पोटात दिली तीच मला घ्यावी लागली. नंतर सहा महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि सारख्या रक्ततपासण्या. डॉक्टर म्हणाले, एकच कारण नसतं. शिरा आधीपासून फुगलेल्या, त्यात गोळ्या, त्यात रात्रभराचा प्रवास. सगळं एकावर एक आलं. अशी गोळी घेणाऱ्या प्रत्येकीला हे होतं असं नाही, उगाच घाबरू नका. पण सणासुदीला, पूजेला या गोळ्या आपण पेपरमिंटसारख्या घेतो, तेवढं बंद करा. डॉक्टरांना विचारा आणि पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर तेही सांगा.

मी बरी झाले. पण घरी एक गोष्ट झाली, ती मला महिनाभर कळलीच नाही. मालीश करायचं नसतं हे लेकीने कुणाकडून तरी ऐकलं होतं. ती माझ्याजवळ बसेना. रात्री मला झोप लागली की उठून माझा श्वास चालू आहे का ते बघायची. शेवटी एकदा रडत म्हणाली, "आई, मी तुला मारलं असतं." तेरा वर्षांच्या पोरीने ते मनात घेऊन महिना काढला. मी तिला म्हटलं, बाळा, तू जे केलंस ते मायेने केलंस. चूक माझी. तेहतीस खाटांच्या वॉर्डातला प्रत्येक पाय मी पांघरूण काढून बघत होते आणि स्वतःचा पाय दिवा लावूनसुद्धा बघितला नाही.

म्हणून माझी पहिली विनंती, पाय दुखले की आधी उजेडात बघा. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून. कुठल्या खुणांना घरचे उपाय करायचे नाहीत ते सांगते. लिहून घ्या म्हणत नाही, स्मरणिकेत छापून येणार आहे.

एकाच पायाला सूज, पोटरी गरम, लाल, दुखरी: मालीश नाही, शेक नाही, त्याच दिवशी डॉक्टर. विशेषतः नुकतं ऑपरेशन झालं असेल, पाय प्लास्टरमध्ये असेल, बाळंतपण झालं असेल, लांबचा प्रवास केला असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर. त्याबरोबर दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल, दिवस-रात्र बघू नका.

दोन्ही पायांना सूज आणि सकाळीही उतरत नाही: हृदय, किडनी, थायरॉईड, काहीही असू शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही घोटे सुजतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते, थांबलं की राहते, पुन्हा चाललं की पुन्हा दुखते: हे दमणं नाही. पायात रक्त कमी पोचत असेल. तंबाखू खाणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या आणि डायबेटीस असलेल्या मंडळींनी हे नीट ऐकावं. मिसरी लावणाऱ्या आजींनीसुद्धा.

घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळसर, कडक होतेय किंवा तिथली जखम भरत नाही: हळदीचा लेप लावत महिने घालवू नका.

पाय बधिर पडतोय, मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही: साखर तपासा.

आता शेवटचा मुद्दा. तो थोडा कडू आहे, पण घरातल्याच माणसांसमोर बोलतेय.

कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय हवी, हे आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये, कलम ४४ मध्ये लिहिलेलं होतं. दुकानांतल्या विक्रेत्या मात्र दिवसभर उभ्या असायच्या. केरळात कोळिकोडच्या साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी काही वर्षं लढा दिला. नुसतं बसू द्या, एवढीच मागणी! २०१८ साली केरळने कायदा बदलून त्यांना तो हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही दिला. म्हणजे माणसाला बसू द्या, हे सांगायला आपल्याला कायदा लागतो.

आपल्याला हसू येतं. पण आपल्या गेटवर बघा. तीन वर्षांपूर्वी वॉचमनकाका रात्री खुर्चीत पेंगले म्हणून तक्रार झाली आणि सभेत त्यांची खुर्ची काढून घ्यायचं ठरलं. त्या सभेला मी होते आणि मीसुद्धा हात वर केला होता. मी, जिला रात्रपाळीत बसली म्हणून बोलणी खावी लागली! तेव्हापासून ते बारा तास कधी गेटच्या खांबाला टेकतात, कधी पाण्याच्या पंपाच्या कट्ट्यावर बसतात. मागच्या महिन्यात मी त्यांना पँट वर करायला लावून पाय बघितले. दोन्ही पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या आहेत. डॉक्टरांकडे पाठवलंय. पण खुर्चीशिवाय ते औषध काय करणार?

तेव्हा अध्यक्ष साहेब, माझी मागणी आहे की गेटवर पाठ टेकता येईल अशी चांगली खुर्ची परत द्या. पेंगू नये म्हणून दर तासाला एक फेरी ठरवून द्या, त्यात त्यांच्या पोटऱ्याही चालतील. दुसरं, दोन्ही विंगच्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला घडी होणारी एक छोटी फळी लावता आली तर बघा, जिन्याची वाट अडणार नाही अशी. पिशवी घेऊन चढणाऱ्या आजींना दोन मिनिटं टेकता येईल. लिफ्ट होईल तेव्हा होईल.

आणि घरोघरच्या मंडळींना सांगते, आपल्याकडे कामाला येणारी ताई चार घरं उभ्याने करून येते. तिला चहा देताना "बस" म्हणा. दारात उभ्याने नको. तुमच्या घरात कुणी नर्स असेल, शिक्षिका असेल, कंडक्टर असेल, दुकानात काम करणारं पोर असेल, तर ते घरी आल्यावर लगेच काम सांगू नका. पंधरा मिनिटं द्या. आणि "पाय दुखताहेत" असं ते म्हणालं, तर "माझेही दुखतात" म्हणून विषय संपवू नका. "दाखव बघू" म्हणा.

माझी ओव्हर संपली. आता तुम्ही सगळे चार्जमध्ये. नमस्कार.

— एक निवृत्त परिचारिका, बी विंग, तिसरा मजला

(स्मरणिका समितीकडून: या भाषणानंतर झालेल्या जूनच्या सभेत गेटवर खुर्ची ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला व खुर्ची आणली आहे. जिन्यातील फळीचा विषय पुढील सभेत घेण्यात येईल.)